तीन नाकारलेल्या कल्पना

मी मुळात शाळेतला सुतारकामाचा मास्तर. करवत कशी धरायची, रंधा कसा मारायचा आणि हे करताना अंगठा कसा शाबूत ठेवायचा, एवढंच मुलांना शिकवत असे. मग वरच्या कुठल्यातरी कचेरीत कुणाला तरी वाटलं, की सुतारकाम हे काही बरं दिसत नाही. त्याचं 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' झालं आणि माझं 'जिल्हास्तरीय तज्ज्ञ मार्गदर्शक'. नाव लांबलं आणि हातातला रंधा गेला. गेली आठ वर्षं मी माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांना हा विषय कसा शिकवायचा याचं प्रशिक्षण देतो, आणि या आठ वर्षांत मी एक खिळा ठोकलेला नाही. घरी भिंतीला खुंटी बसवायची होती तेव्हा बायकोने सरळ सुताराला फोन लावला. मी शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो.

आमचं प्रशिक्षण पाच दिवसांचं. मांडवीच्या बाजूला एका शाळेचं सभागृह मिळतं. तिथे दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की फलक फडफडतो आणि निम्मे प्रशिक्षणार्थी डुलक्या घेतात. या विषयासाठी शिक्षक निवडण्याची प्रत्येक शाळेची पद्धत एकच आहे. पत्र येतं त्या दिवशी जो रजेवर असेल, त्याचं नाव कळवायचं. त्यामुळे माझ्यासमोर संस्कृतचे, भूगोलाचे, निवृत्तीला चार महिने उरलेले, असे सगळे बसलेले असतात. मागच्या वर्षी वेळणेश्वरहून आलेले एक पी.टी.चे सर तर शेवटपर्यंत गळ्यात शिट्टी घालून बसले. त्यांना कुणीतरी हे पंचांचं शिबिर आहे असं सांगितलं होतं. गैरसमज दूर झाल्यावरही ते गेले नाहीत, कारण जेवण चांगलं होतं.

या प्रशिक्षणाचा आत्मा म्हणजे वही. प्रत्येकाने एक वस्तू तयार करायची आणि ती कशी सुचली, कशी घडली हे छापील वहीत भरायचं. शंभर गुणांपैकी वस्तूला दहा, उरलेले सगळे वहीला. त्यात चौथ्या पानाचा मान सर्वांत मोठा. त्या एकट्या पानाला तीस गुण. पानाचं शीर्षक होतं, 'तीन नाकारलेल्या कल्पना व नाकारण्याची कारणे'. माणसाला पहिल्या फटक्यात नीट वस्तू सुचली असेल तर तो डिझाइनर नव्हे, अशी त्यामागची समजूत. आधी तीन गोष्टी सुचल्या पाहिजेत, त्या फसल्या पाहिजेत, मग चौथी खरी.

ऐकायला हे उत्तम आहे. मी स्वतः पुण्याला जाऊन हे शिकून आलो आणि तिथे माझ्याही तीन कल्पना फसल्या. म्हणजे असं, की आधी आइस्क्रीमच्या काड्यांचा पेन स्टँड तयार केला आणि मग जेवणाच्या सुट्टीत शेजाऱ्याशी बोलून तीन फसलेल्या कल्पना शोधून काढल्या. सगळे असंच करतात. कागदाचा पेन स्टँड नाकारला, कारण भिजेल. काचेचा नाकारला, कारण फुटेल. लोखंडाचा नाकारला, कारण गंजेल. कोकणात या तीन कारणांवर वाटेल ते नाकारता येतं. आमच्या जिल्ह्यातल्या शाळांत आता पेनांपेक्षा पेन स्टँड जास्त आहेत, आणि ते सगळे पावसात न भिजणारे, पडून न फुटणारे आणि अजिबात न गंजणारे आहेत.

मागच्या वर्षीच्या त्याच तुकडीत नाटे गावाकडच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आल्या होत्या. वय तिशीचं, अंगाने किडकिडीत, बोलणं थेट. पहिल्या दिवशी ओळख करून देताना बाकीच्यांनी आपापल्या पदव्या सांगितल्या. यांनी सांगितलं, "आमच्या शाळेत कार्यशाळेची खोली आहे. करवती, रंधे, लाकूड आवळून धरायचे शेगडे, सगळं आहे. बारा वर्षं कुलूप आहे. हेडसर म्हणाले, प्रमाणपत्र आणा, चावी देतो. नाही आणलंत तर त्या खोलीत पोषण आहाराचा तांदूळ ठेवणार. म्हणून मी हे प्रशिक्षण मागून घेऊन आले, सर."

मागून घेऊन! आठ वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला बरं वाटलं आणि लगेच जरा भीतीही वाटली. ज्याला खरंच शिकायचंय त्याला द्यायला आपल्याकडे काय आहे, हा प्रश्न मी फार वर्षं स्वतःला विचारला नव्हता.

चौथ्या दिवशी वस्तू आणायच्या होत्या. टेबलावर पेन स्टँडची रांग लागली. बाई आल्या त्या एका हातात फळी आणि दुसऱ्या हातात गोणी घेऊन. त्यांच्या सासूबाई बंदरावर मासळी कापून विकतात. कापताना सगळं पाणी पायाशी येतं, दिवसभर पाय ओले राहून बोटांत चिखल्या होतात. म्हणून बाईंनी प्रशिक्षणाच्या आधीपासून चार महिने घरीच खटपट करून कापायची फळी केली होती. मागे जराशी उतरती, कडेला पन्हळ काढलेली, म्हणजे पाणी पन्हळीतून मागच्या डब्यात पडेल. फणसाचं लाकूड, एकही खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. मी फळीवरून हात फिरवला. रंधा सुरेख मारला होता. माझ्या जुन्या हातांना ते लगेच कळलं आणि मला, खरं सांगतो, हेवा वाटला.

"आणि गोणीत काय?" मी विचारलं.

"नाकारलेल्या कल्पना," बाई म्हणाल्या.

त्यांनी त्या एकेक करून बाहेर काढल्या. पहिली फळी प्लायची, खाऱ्या पाण्याने पोळीसारखी फुगलेली. दुसरीचे खिळे गंजून सांधा उखडलेला. तिसरीला उतार जास्त झाला होता आणि तोही समोरच्या बाजूला. "तिसरीवरनं बांगडा घसरून थेट गिऱ्हाइकाच्या पायावर गेला, सर. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या."

सभागृह हसलं. पण सभागृहाने नाकही दाबलं, कारण तिन्ही फळ्या बंदरावर खऱ्या मासळीखाली वापरून झालेल्या होत्या. संस्कृतच्या सरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी तज्ज्ञ मार्गदर्शक या नात्याने मार्ग काढला. म्हणालो, "मॅडम, चांगली फळी राहू दे. ही गोणी तेवढी बाहेर पडवीत ठेवा."

पडवीच्या टोकाला आमचा स्वयंपाक चालला होता. गॅस संपला होता, म्हणून तीन दगडांची चूल मांडली होती आणि लाकडं निघाली ओली. पुढे काय झालं हे हुशार वाचकाला सांगायला नको, पण आम्हाला ते जेवण झाल्यावर कळलं. बाई गोणी आणायला गेल्या आणि रिकामी गोणी घेऊन आल्या. स्वयंपाकाच्या मावशी मागून येत म्हणाल्या, "मला काय म्हाईत ओ सर? मोडकी फळकुटं, वर माशांचा वास. म्हटलं टाकाऊच हायत. पण पेटली मात्र झकास."

त्या दिवशीचा भात आम्ही पंचेचाळीस जणांनी बाईंच्या नाकारलेल्या कल्पनांवर शिजवून खाल्ला. पी.टी.च्या सरांनी दोनदा घेतला.

बाईंनी रिकामी गोणी झटकून तिची घडी घातली. मग मला म्हणाल्या, "जाऊ दे सर. तुम्ही बघितल्यात ना?"

"बघितल्या," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी वरून परीक्षक आले. ते वस्तूंकडे बघत नाहीत. वस्तू बघायला वेळ लागतो, वही चाळता येते. बाईंची वही त्यांनी उघडली आणि चौथ्या पानावर थांबले. पानावर दोनच शब्द होते. 'गोणीत आहेत.'

"कुठे आहे गोणी?" त्यांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्या सभागृहाने माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, मी त्या तिन्ही फळ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत आणि या सभागृहातल्या त्याच काय त्या तीन खऱ्या होत्या. पण मग त्या बाहेर कुणी ठेवायला लावल्या, चुलीत कशा गेल्या, मार्गदर्शक काय करत होते, हे सगळं निघालं असतं. माझ्या पुढच्या वर्षीच्या नेमणुकीचं पत्र त्याच साहेबांच्या सहीने निघायचं होतं. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "नियमाप्रमाणे पुरावा वहीत हवा."

परीक्षकांनी मान डोलावली. तीसपैकी शून्य. शेरा, 'पुनर्प्रशिक्षण आवश्यक'. पी.टी.च्या सरांना त्र्याऐंशी गुण मिळाले. त्यांचा पेन स्टँड मुळात त्यांच्या मुलीचा होता.

बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. कागद घेतला, फळी काखेत मारली आणि बस गाठायला गेल्या. शिव्या घातल्या असत्या तर मला संध्याकाळी जेवण गेलं असतं.

यंदा त्या पुन्हा आल्या. आता शेरा होता म्हणून आल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचा एक पेन स्टँड ठेवला. वही मात्र बघण्यासारखी होती. चौथं पान तीन रंगांत, प्रत्येक कल्पनेचं चित्र, प्रत्येकीला दहा ओळींची कारणं, समासात बाण. एकही कल्पना खरी नव्हती आणि एकही ओळ चुकलेली नव्हती. परीक्षकांनी वही उंच धरून सगळ्यांना दाखवली. शहाण्णव गुण. तुकडीत पहिल्या.

प्रमाणपत्रावर माझी सही लागते. बाई समोर उभ्या होत्या. मी पेन उघडलं आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "आता चावी मिळेल ना?"

"चावी आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "तांदूळ काढून द्यायला लागतो ना रोज."

"मग मुलांना डिझाइन कुठे शिकवता?"

"वर्गातच. लागत नाही काही. वही भरायला बाक पुरतो." त्या अगदी सहज बोलत होत्या, टोमणा वगैरे काही नव्हता. "सगळी मुलं चौथं पान छान लिहितात, सर. गेल्या चाचणीत एकालाही पंचवीसच्या खाली नाही. आधी मलाच कळत नव्हतं कसं शिकवायचं, आता जमलं."

मला लाज वाटली. ती वाटत असतानाच मी सही केली, आणि सही नेहमीसारखी झोकात आली.