चक्कीची वैरण

ग्वाल्हेरच्या आसपास पाण्यावर चालणारी पिठाची चक्की आता एकही उरलेली नाही, आणि पडक्या म्हणाल, तर आमच्या थोरल्या साडूंनी पाहिली नाही अशीही एक नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. हे मात्र शहरातल्या 'शिंदे की छावनी'हून पहाटेची बस धरून कुठल्यातरी नाल्याकाठी उतरत आणि काटेरी झुडपांतून चक्कीचे दगड शोधून काढत. पिशवीत दशम्या आणि गव्हाची पुरचुंडी. दगड सापडला की त्याच्या मधल्या भोकात मूठभर गहू सोडत. बायका जात्यात घालतात तशी वैरण. "चक्कीला उपाशी ठेवून येऊ नये," म्हणत आणि दगडाला कान लावून बसत. एकदा एका गुराख्याने घाबरून विचारलं, "बाबूजी, तबियत तो ठीक है?" हे म्हणाले, "चुप रहो भैया, पीस रही है."

"जिजाजी सत्तरीत नाले ओलांडतात, तुम्हाला इथल्या इथे मुरारला जायचं म्हटलं तरी गुडघे आठवतात," हे माझ्या बायकोचं रोजचं. माझीच नातवंडं त्यांना विचारत, "आजोबा, फिर पानी किधर से आता था?" मी जन्मभर कालव्यांचा इंजिनिअर. पाणी कुठून येतं, हे मला घरात कोणी कधी विचारलं नाही.

म्हणून जयेंद्रगंजात चार मराठी मंडळींसमोर त्यांनी आपल्या सर्वांत लाडक्या चक्कीचा फोटो दाखवला, तेव्हा मी शांतपणे म्हणालो, "साडूभाऊ, ही चुन्याची घाणी. बैल जुंपून चुना मळायची."

"म्हणजे चुन्याला गहू चारलेत?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. इंजिनिअरचा शब्द, तेही मान खाली घालून हसले. फोटोत दगडाखालची पाण्याची मोरी मला स्वच्छ दिसत होती. त्यानंतर ते कुठेच गेले नाहीत.

गेल्या महिन्यात जाऊन सांगून टाकलं. ती पनचक्कीच होती, मी जाणूनबुजून खोटं बोललो. आता त्यांना काठीशिवाय उठवत नाही. वाटलं, घराबाहेर काढतील. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे जेवली ती," म्हणाले. मग, "मोरी केवढी असेल हो? पाणी किती जोरात येत असेल?" मी दोन तास सांगत होतो आणि ते डोळे मिटून, दगडाला लावत तसा कान माझ्याकडे लावून ऐकत होते.

निघताना त्यांनी गव्हाची पुरचुंडी हातात ठेवली. "आता तुम्ही घालून या."

जाईन. कानही लावीन. पण त्यांना जे ऐकू येई ते मला येणार नाही, हे आत्ताच ठाऊक आहे. आणि खरं तेच लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो, त्याचाही मला हेवा वाटतो.