पिवळ्या साडीच्या रोखानं

फोन स्वातीचा होता. ‘काका, बाबा गेले,’ एवढंच ती बोलली. आणि माझ्या तोंडातून पहिला शब्द काय निघावा? ‘पाण्यात?’ बाप गेलेल्या पोरीला कुणी असं विचारतं का? पण मी विचारलं. ती रडतारडता म्हणाली, ‘न्हाई काका, घरीच. जेवून खुर्चीत बसले होते...’ आता खरं सांगतो, त्या घडीला मला हायसं वाटलं. सख्ख्या भावासारखा साडू गेला आणि मला हायसं वाटलं! दुःख नंतर आलं, चांगलं घर बांधून राहायलाच आलं, पण पहिल्यांदा आला तो सुटकेचा श्वास. असं का, ते लिहायला बसलोय. महिना होऊन गेला.

दिगंबरराव आणि मी साडू. साडू म्हणजे सासुरवाडीच्या पंगतीत शेजारी-शेजारी बसवलेली दोन माणसं. पटो न पटो, वाढलेलं मुकाट खायचं. माझी बायको शोभा थोरली, त्यांची सरला धाकटी. मी नांदेडला, ते लातूरला. माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. आख्खा जन्म लोकांच्या विहिरीतल्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरण्यात गेला, पण स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात उतरलो नाही. ते डाळमिलमध्ये फिटर. मिलमधून आले की भुवयांवरसुद्धा तुरीची भुकटी बसलेली असायची. बोलायला कमी, हसायला भरपूर. माझं नेमकं उलटं आहे, असं शोभा म्हणते.

या दोघी बहिणींना एक भाऊ होता. एकुलता एक. माहेर भोकरच्या बाजूला, शेतात विहीर. उन्हाळ्यात पोरं दिवसभर तिच्यात डुंबायची. सरला तेव्हा लहान होती, काठावर बसून पाय हलवत होती. भाऊ म्हणाला, ‘सरे, बघ गं, कशी मारतो!’ आणि त्यानं उडी मारली. ती बघत राहिली. तो वर आलाच नाही... खाली दगड होता, म्हणतात. त्या दिवसापासून सरलाच्या डोक्यात एकच बसलं: ‘मी बघत होते, तवाच गेला.’ कितीजणांनी समजावलं, बाई, बघण्यानं माणूस बुडत नसतो. ती मान डोलवायची, पण नदीच्या पुलावर बस आली की डोळे मिटून घ्यायची. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याकडून तिनं एकच वचन घेतलं, पाण्यात उतरायचं नाही. दिगंबरराव शिरूर अनंतपाळकडचे, पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले, पाण्याचे लई शौकीन. तरी त्यांनी वचन दिलं आणि वीस-बावीस वर्षं पाळलं. आजकाल वचन कोण पाळतं? लोक पथ्य पाळत नाहीत!

मग मिलच्या धुळीनं खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत चालत जा. हे चालायला लागले, चालताचालता पळायला लागले, पळताना पाय दुखतात म्हणून सायकल काढली. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस हाफपँट घालून औसा रोडनं सुटला की मिलचे हमाल हात जोडायचे, ‘फिटरसाहेब, कुणी मागं लागलंय का?’ त्या पळणाऱ्या मंडळींतच कुणीतरी सांगितलं, स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणून एक शर्यत असते. साडेसातशे मीटर पोहायचं, लगेच वीस किलोमीटर सायकल, लगेच पाच किलोमीटर पळायचं. मधे विश्रांती नाही, चहा नाही, काही नाही. दिगंबररावांना वाटलं, दोन गोष्टी तर येतातच, तिसरी लहानपणापासून येते. फक्त वचन आडवं होतं. त्यांनी चोरून काही केलं नाही, हे मला त्यांचं फार आवडायचं. सरळ बायकोसमोर जाऊन बसले. ती कितीतरी दिवस बोलली नाही. शेवटी म्हणाली, ‘दाजी काठावर उभे राहणार असले तर उतरा.’ म्हणजे मी! मी फोनवर म्हणालो, ‘अगं, मला कुठं पोहता येतं? ते बुडायला लागले तर मी काय करणार?’ म्हणाली, ‘वरडा. पण तुमच्या हवाली करते, मला माणूस माघारी पायजे.’ घ्या! रविवारची झोप गेली आणि मानेवर जोखीम बसली, ती अशी.

लातूरला उन्हाळ्यात प्यायला पाण्याची बोंब, तिथं पोहायचा तलाव कुठून भरणार? म्हणून ते शनिवारी मिल सुटली की बस धरून नांदेडला यायचे, आमच्याकडे मुक्काम करायचे आणि रविवारी सकाळी आम्ही तलावावर. ते पाण्यात, मी काठावर टायरची ट्यूब घेऊन. शिकवणारे सर हसायचे. पण मी एक मिनिट नजर काढली नाही. बाहेर आले की लातूरला फोन लावायचा, ‘आले बाहेर,’ एवढंच सांगायचं. पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज यायचा आणि फोन बंद. मग मला पोहे गोड लागायचे.

पहिल्या शर्यतीत मात्र विहिरीनं दगा दिला. विहिरीत पोहलेल्या माणसाला सरळ जायची सवयच नसते हो. उडी मारायची, वर यायचं, कडेकडेनं गोल फिरायचं. दिगंबररावांचा गोल डावीकडून. स्विमिंग पूलमध्ये दोरी असते, ते दोरीला घासत घासत सरळ जायचे, कुणाच्या लक्षात आलं नाही. खऱ्या तळ्यात दोरी कुठली? शिट्टी वाजली, सगळे निघाले समोर पाण्यात खुणेसाठी सोडलेल्या नारिंगी फुग्याकडे, आणि आमचे साडूभाऊ मोठ्या ऐटीत हात मारत निघाले डावीकडे, पाणकणसांत! मी काठावरून घसा फोडतोय, ‘उजवीकडं! अहो, उजवीकडं!’ त्यांना वाटलं, मी शाबासकी देतोय. ते आणखी जोरात गेले. शेवटी बचावाची नाव जाऊन त्यांना घेऊन आली आणि शर्यतीतून त्यांना बाद केलं. मी फोन लावला. ‘आले बाहेर?’ ‘आले.’ ‘आपल्या पायानं?’ खोटं बोलवेना. ‘नावेतनं,’ म्हणालो. ती म्हणाली, ‘बस झालं आता,’ आणि फोन ठेवला.

पुढचे कितीतरी रविवार मी अंथरुणात मनसोक्त लोळलो, पण मला झोप लागली नाही. लातूरहून काही कळेना. नंतर एका शनिवारी दारात दोघं उभी, नवरा-बायको. दिगंबरराव गालातल्या गालात हसत होते. सकाळी सरला आमच्याबरोबर तलावावर आली, बाकावर पाण्याकडे पाठ करून बसली आणि पिशवीतली मेथी निवडायला लागली. सर सांगत होते, चार-पाच हात मारले की डोकं वर काढा, समोर एक खूण धरा, झाड, टॉवर, काहीतरी. दिगंबरराव म्हणाले, ‘सर, चष्मा काढल्यावर मला बाभळ काय अन् माणूस काय, सारखंच.’ सगळे हसले. सरला हसली नाही. मेथी निवडत, मागं न बघता म्हणाली, ‘पिवळं दिसंल का?’

पुढच्या शर्यतीला ती हळदीसारखी पिवळीजर्द साडी नेसून आली. जिथं पोहून बाहेर यायचं, तिथं काठावर जाऊन उभी राहिली, पाण्याकडे पाठ करून. ‘मी हालत न्हाई,’ म्हणाली, ‘तेवढं मी करते. बघायचं काम दाजींचं.’ मग काय, मी तिच्या शेजारी पाण्याकडे तोंड करून उभा, ती माझ्या शेजारी रस्त्याकडे तोंड करून, आणि माझी कॉमेंट्री चालू. ‘निघाले. गर्दीत आहेत. पांढरी टोपी. मागं पडले जरा...’ ‘डावीकडं जाऊन राहिले का?’ ‘थोडे... नाही नाही, वळले. डोकं वर काढलं. इकडंच बघतायत.’ ‘खोटं बोलू नका दाजी.’ ‘शोभाची शप्पथ!’ तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. सगळे बाहेर आले, तळ्यात एकच टोपी उरली. ती टोपी हळूहळू, पण अगदी नाकासमोर, पिवळ्या साडीच्या रोखानं येत होती. शेवटचे का होईना, स्वतःच्या पायानं बाहेर आले. मी ओरडलो, ‘आले गं, चालत आले!’ तिनं तोंड न वळवताच हात जोडले. मग मी डोळे पुसले. ती पाठमोरी होती म्हणून बरं झालं.

पुढची गंमत अशी, की हे बाहेर येऊन निवांत अंग पुसत बसले. मोजे झटकले, घातले. कंगवा काढला आणि भांग पाडायला लागले! स्वाती पलीकडून ओरडतेय, ‘बाबा, घड्याळ चालू हाय!’ हे म्हणतात, ‘अगं, सायकलीवर रस्त्यानं जायचंय, माणसं बघतेत.’ त्या शर्यतीत ते शेवटून पहिले आले आणि संध्याकाळी आमच्या घरी सगळ्यांना जिलेबी वाटली. पुढच्या वेळी कंगवा शोभानं काढून घेतला. मग ते शेवटून पाचवे आले, मग मधल्या घोळक्यात यायला लागले. सायकलीवर तर त्यांना धरणं अवघड. विशीतली पोरं मागं टाकायचे आणि टाकताना ‘सावकाश या हो’ म्हणायचे. खोकला तर कधी गेला, कळलंही नाही. शेवटच्या शर्यतीत पन्नाशीवरच्या गटात तिसरे आले. गटात किती जण होते ते विचारायचं नाही. पदक मिळालं, एवढं खरं. प्रत्येक शर्यतीला तीच पिवळी साडी, तीच पाठ, तीच माझी बडबड. सरलानं नवऱ्याला पोहताना एकदाही बघितलं नाही. एकदा मी म्हणालो, ‘अगं, एवढी वर्षं झाली, एकदा तरी वळ.’ म्हणाली, ‘दाजी, पाठ करून उभं राहून चाललंय ना? चालू द्या.’ दिगंबररावांनी कधी आग्रह केला नाही. मला म्हणायचे, ‘साडूभाऊ, मला तिचं तोंड कुठं दिसतं तसंबी? मला पिवळं दिसतं. बास हाय.’

गेले ते अगदी साध्या दिवशी. सुट्टी होती, आमटी-भात जेवले, खुर्चीत नखं कापत बसले आणि मान कलली. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. भेटायला आलेल्यांपैकी एक शहाणा मला म्हणाला, ‘एवढा व्यायाम करून शेवटी काय उपयोग झाला?’ माझं डोकं फिरलं. ‘अहो,’ म्हणालो, ‘नखं कापताना गेले ते. तुम्ही काय नेलकटरला दोष देणार का? शेवटची सात वर्षं तो माणूस कसा जगला ते बघितलंय का तुम्ही?’ शोभानं मला आत ओढून नेलं. आत सरला भिंतीला टेकून बसली होती. मला बघितलं आणि काय म्हणाली असेल? ‘दाजी, पाण्यात न्हाई गेले ओ. घरी गेले. तुम्ही दर बारीला माघारी आणून दिले.’ एवढ्या दुःखात ती माझी जोखीम उतरवत होती. मी तिच्यासमोर बसून लहान पोरासारखा रडलो. कुणाला सांगता येत नव्हतं ते हायसं वाटणं तिच्याही मनात होतं, हे कळलं आणि मला मोकळं वाटलं.

तेरावा झाला. पाहुणे गेले, दुपारची वेळ, बाहेरच्या खोलीत आम्ही चौघंच. स्वाती मोबाइल चाळत होती. सरला म्हणाली, ‘त्यांचं पोहतानाचं काढलेलं हाय का तुझ्याकडं?’ स्वाती दचकली. शेवटच्या शर्यतीचं तिनं सगळं काढून ठेवलं होतं, पण आईला दाखवायची कुणाची छाती? शोभा म्हणाली, ‘कशाला गं आत्ता...’ सरला म्हणाली, ‘आक्का, आता माझ्या बघण्यानं काय व्हायचं राहिलंय? लाव गं.’

स्वातीनं लावलं. फोन सरलानं दोन्ही हातांनी धरला. बारीकसं तळं, बारीकशा टोप्या. मी सवयीनं सुरू केलं, ‘ते बघ, पांढरी टोपी, जरा मागं...’

‘गप बसा दाजी. बघून राहिले मी.’

लाट आली की टोपी दिसेनाशी व्हायची आणि तिचा श्वास थांबायचा. टोपी वर यायची. मग डोकं वर काढून ते इकडे बघायचे, पुन्हा हात मारायचे. सरळ, अगदी सरळ येत होते. मग कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले, जरा लडखडले, डोळ्यांवरचा गॉगल वर सरकवला आणि धावत बाहेर आले. पिवळ्या साडीजवळून जाताना त्यांनी ओल्या हाताचे दोन थेंब तिच्या मानेवर उडवले आणि हसत सायकलीकडे पळाले. मी तेव्हा डोळे पुसत असणार, मला हे दिसलंच नव्हतं; आणि सरलाला ते थेंब उगाच उडालेल्या पाण्याचे वाटले असणार.

सरलानं हात मानेवर नेला. कितीतरी वेळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे वळली, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण चेहरा असा मोकळा मी त्या बाईचा कधी बघितला नव्हता.

‘दाजी,’ ती म्हणाली, ‘मी बघत होते... तरी आले.’