आप्पांची ओली कणीक

देवासमोर बसूनही माणूस जळतो, हे मी स्वतःवरून सांगते. आमच्या वरवंडच्या महिला भजनी मंडळात गिटार पहिल्यांदा मी आणली. बायका हसल्या, तरी शिकले. मग धाकटी जाऊ मीनल लग्न होऊन आली, तिची गिटार घेऊन, आणि सगळ्या तिच्याच मागे! कोरड्या हवेनं लाकूड आकसून तडकू नये म्हणून ती गिटारीच्या पेटीत ओल्या स्पंजची डबी ठेवायची. त्या डबीचासुद्धा मला राग यायचा. एवढे लाड माझ्या पोरांचेही झाले नाहीत.

चैत्रात शिरूरकडच्या एका गावी नाथांच्या जत्रेत आमचं भजन होतं. सुरुवातीचा अभंग एकाच गिटारीवर, असं ठरलं आणि नाव निघालं मीनलचं. टेम्पोत चढताना मी मनात म्हटलं, "नाथा, एकदा तरी हिचं बिनसू दे."

वाटेत उन्हानं मला भोवळ आली. मीनलची डबी आधीच सुकली होती. ती भिजवायला राखलेलं पाणी तिनं सरळ माझ्या डोक्यावर ओतलं.

"अगं, तुझी डबी?"

"राहू द्या हो ताई, आधी डोळे उघडा बरं."

बरं वाटलं, पण खरं सांगते, तिचा चांगुलपणाही मला खुपला.

देवळात तिनं पेटी उघडली. लाकूड सुकून तारा खाली बसलेल्या, नुसती खरखर. मी माझ्या गिटारीची पिशवी उघडली, तर आत ओल्या फडक्यात बांधलेला गोळा! पखवाज वाजवणारे आमचे सासरे, आप्पा, म्हणाले, "आगं, पखवाजाला लावायची कणीक हाय ती. उन्हानं वाळती म्हणून म्याच ठिवली तुज्या पिशवीत." त्या ओलीनं माझी गिटार मात्र ठणठणीत राहिली होती.

मागितलं ते नाथांनी पदरात टाकलं. मीनल टाळ घेऊन मागं जाऊन बसली, डोळे पुसत. माझा पदर अजून तिच्याच पाण्यानं ओला होता. हात काही तारांवर जाईना. शेवटी उठले आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली. "वाजव गं बाई."

तिनं वाजवली, माझ्यापेक्षा कितीतरी गोड. जळले का? व्हय, जळले! नाथांना म्हटलं, हे जळणंही आता तुमच्याच पायाशी, माझ्यानं आवरत नाही. मग टाळ उचलला आणि तिला साथ दिली.

आता बाहेरगावी निघताना आप्पांकडून कणकेचे दोन गोळे मागून घेते, ओल्या फडक्यात बांधते. पहिला मीनलच्या पेटीत ठेवते. कधीकधी दातओठ खात ठेवते, पण ठेवते.