रंग काढून मागणारे नाना

आमच्या रत्नागिरीच्या स्टुडिओत लोक फोटो उजळ करून मागतात. रंग काढून मागणारे नाना एकटेच. मुलाने मुंबईहून मोबाइलवर धाडलेले नातवाचे फोटो घेऊन ते दर सोमवारी यायचे आणि म्हणायचे, "कर बघू काळेपांढरे." मला वाटायचं, म्हाताऱ्याला जुन्याची हौस. "नाना, वाढदिवसाचा केक तरी रंगीत राहू द्या!" अशी थट्टाही करायचो.

एकदा नातवाला मांडीवर घेतलेल्या माईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोटो होता. मी घाईत एक बटण दाबलं आणि प्रिंट हातात ठेवली. नाना उखडले. "मेल्या, हिच्या लुगड्याचा काठ कुठं गेला?" हिरवं लुगडं आणि लाल काठ, दोन्हींचा एकच करडा झाला होता. नाना खुर्ची ओढून शेजारी बसले. लाल गडद कर, हिरवा फिका कर, असं करत काठ दिसेपर्यंत उठले नाहीत. "काठावरून ती स्वतःला ओळखेल रे," म्हणाले.

तेव्हा कुठे मला कळलं. माईंना विसरण्याचा आजार जडला होता. रंगीत फोटो पुढे धरला की त्या तोंड फिरवायच्या, पण लग्नाचा जुना काळापांढरा अल्बम उघडला की एकेकाचं नाव घ्यायच्या. नानांची सगळी नोकरी मुंबईच्या गोदीत गेली, माई इथे सासऱ्यांपाशी. निवृत्तीनंतर कुठे एकत्र राहायला मिळालं, तर आता त्या नानांनाच विचारत, "आपण कोणाकडे आलात?"

मग एका सोमवारी नानांनी स्वतःचा फोटो आणला. मिरकरवाड्याच्या जेटीवर, हातात मासळीची पिशवी. "हा नीट कर हां. घाई नको." मी तासभर खपलो आणि त्यांच्यासोबत घरी गेलो. माईंनी फोटो निरखून पाहिला आणि झटकन डोक्यावरून पदर घेतला.

"हे मामंजी," त्या हळूच म्हणाल्या.

अल्बममधले नाना पंचवीस वर्षांचे होते. हा सुरकुतलेला चेहरा त्यांना सासऱ्यांचा वाटला. नाना हसले. "चला, घरचा माणूस तरी झालो." पडवीत आल्यावर मात्र खांब धरून रडले. त्या दिवसापासून माई त्यांच्यासमोर पदर घेऊनच वावरत, आणि नाना मुकाट सासरे झाले.

यंदा गणपतीनंतर नाना गेले. मुलाने तसबिरीसाठी तोच फोटो मोठा करून घेतला. मी हार घालत असताना माई माझ्याजवळ आल्या. इतक्या शांत होत्या की मला वाटलं, त्यांना समजलंय.

"मामंजी गेले रे," माझा हात धरून म्हणाल्या. "ह्यांना मुंबईला तार कर. म्हणावं, लगेच निघा, मी एकटी आहे."

"करतो, माई," मी म्हणालो.