भीतीला सोबत

बाटल्यांच्या कारखान्यात सगळे तिला धास्तीबाई म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यापुढं बसायचं, पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या रिकाम्या बाटल्या न्याहाळायच्या आणि जिच्यात बुडबुडा किंवा केसाएवढा तडा दिसेल ती उचलून पिंपात टाकायची, हे तिचं काम. तिचं पिंप सगळ्यांत आधी भरायचं. धडधाकट बाटलीचाही तिला भरवसा वाटत नसे.

दुःखाची तिला तेवढी भीती नव्हती. दुःखात काय करायचं ते तिला कळायचं. तिला धडकी भरायची ती सुखाची. मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या गडबडीत सगळं घर हसत असताना वडील जिन्यातच कोसळले होते. पुढं तिचं स्वतःचं लग्न झालं, बस दुरुस्त करणारा अबोल, भला नवरा मिळाला, दिवस राहिले. तिनं हरखून आईला फोन केला आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. तेव्हापासून तिच्या मनानं घेतलं, की आपण हसलो की कुणीतरी ते टिपून ठेवतं.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पोट दिसू लागेपर्यंत तिनं नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नाही. कळल्यावर तो रागावला नाही. कितीतरी वेळ नुसता हाताचं ग्रीस पुसत उभा राहिला.

शेजारच्या पडद्यापुढं सगळ्या कारखान्याची मावशी बसायची. जाड भिंगांचा चष्मा, दुखरे गुडघे आणि तिखट जीभ. मावशी ख्रिस्ती होती. तिचा कमावता मुलगा अपघातात गेला होता, तरी डबा उघडण्याआधी ती डोळे मिटून देवाचे आभार मानायची. धास्तीबाईला त्याचा रागच यायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिला राहवलं नाही.

“मुलगा गेला तुमचा. मग आभार कसले मानता?”

“मुलाचेच मानते. होता ना तो,” मावशी म्हणाली. “आणि माझी भीती गेली, असं समजू नकोस. फोन वाजला की अजून माझे हातपाय गार पडतात. फक्त आता मी एकटी घाबरत नाही, एवढंच.”

मग घास चावता चावता तिनं येशूची गोष्ट सांगितली. त्याला क्रुसावर मारण्यासाठी धरायला माणसं यायच्या आधी तो बागेत गेला, घामानं निथळला, हे मरण माझ्यावरून टळू दे म्हणून आकाशातल्या बापाला विनवत राहिला. आणि जरा जागे राहा म्हणावं, तर सोबती ढाराढूर झोपलेले. देव घाबरला, असं धास्तीबाईनं कधी ऐकलं नव्हतं. तिचा देव वर बसून माणसाच्या हसण्यावर पाळत ठेवणारा. त्या दुपारी तडे गेलेल्या बऱ्याच बाटल्या तिच्यापुढून बिनबोभाट निघून गेल्या.

मुलगी झाली. घरात आनंदीआनंद, आणि ही मात्र सतत पहाऱ्यावर. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून बसायची. ते रडलं की हिला हायसं वाटायचं. बाळ रांगायला लागलं आणि तापानं फणफणलं. मग झटके आले. मेंदूला सूज आहे, काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि बाळाला काचेच्या दारापलीकडं घेऊन गेले. नवरा औषधं आणायला धावला. ती बाकावर एकटी उरली. दारापर्यंत जाऊन आत डोकावायचं होतं, पण ती बाकावरून उठली नाही. आत काय दिसेल, या भीतीनं तिनं मान भिंतीकडं वळवली. आणि आपोआप तिच्या तोंडून शब्द निघाले.

“मला फार भीती वाटते. तुलाही वाटली होती म्हणे. माझ्याजवळ बस. झोपू नकोस.”

मुलीसाठी तर काही मागितलंच नाही, हे ध्यानात आल्यावर ती आणखी घाबरली, आणि मग मागत सुटली. ना उजेड पडला, ना कानावर आवाज आला. भीती होती तिथंच होती. पण थोड्या वेळानं ती उठली, भिंत धरून दारापर्यंत गेली आणि काचेतून तिनं आत पाहिलं. नळ्यांच्या गुंत्यात बाळाच्या पायाची बोटं हलत होती.

मुलगी वाचली, पण एका कानानं ऐकू येईनासं झालं. धास्तीबाई रडली, देवाशी भांडली, आणि भांडायला का होईना, मावशीबरोबर चर्चमध्ये उपासनेला जाऊ लागली. नवरा आधी मुलीला घेऊन फाटकाशी थांबायचा, मग मागच्या बाकावर बसू लागला. पुढं तिनं बाप्तिस्मा मागितला. का हवा, असं चर्चच्या पाळकांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिनं सरळ सांगितलं, की भीती काही गेलेली नाही, पण आता ती कुणाला सांगायची ते कळलंय. पाळकांनी तिला बाप्तिस्मा दिला. पाण्यात उतरताना ती थरथरत होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

काही वर्षांनी मावशीनं अंथरूण धरलं. एका दुपारी धास्तीबाई उशाशी बसली होती. मावशीनं तिचं मनगट घट्ट धरलं. चष्मा नसलेले ते डोळे भेदरलेले होते.

“भीती वाटते गं,” मावशी म्हणाली. “प्रार्थना कर.”

घाबरू नका, असं म्हणायला धास्तीबाईची जीभ रेटेना. तीही तेवढीच घाबरली होती. ती अडखळत, पुटपुटत प्रार्थना करू लागली.

“मोठ्यानं म्हण,” मावशीनं दटावलं. “त्याला ऐकू जातं. मलाच कमी येतं.”

दोघी हसल्या. मग धास्तीबाई जवळ सरकली आणि सुचतील ते शब्द मोठ्यानं म्हणत राहिली. मनगटावरची पकड हळूहळू सैल पडली, तरी तिनं आपला हात काढून घेतला नाही.