आठची यादी, अकराची यादी

जळगावच्या एका दैनिकात निधनवार्तांचे पान माझ्याकडे होते. या पानावर विशेषणे चालत नाहीत. नाव, वय, पत्ता, मागे कोण आहे, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून, एवढेच द्यायचे असते. पण छापील पान दुसऱ्या दिवशी येते आणि आमच्याकडे अंत्यसंस्कार बहुधा त्याच दिवशी उरकतात. वाचक वेळ वाचायचा तेव्हा ती टळून गेलेली असायची. म्हणून कार्यालयाने वर्गणीदारांच्या मोबाइलवर रोज सकाळी आठ वाजता निधनवार्तांची यादी पाठवायला सुरुवात केली. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांत ती जात असे. ती वाचून लोक डबा न्यायचा की सुटी टाकायची हे ठरवत.

यादी पाठवण्याचे काम एक लिनक्सवर चालणारा संगणक करत असे. तो ज्या खोलीत होता ती पूर्वी निगेटिव्ह धुण्याची खोली होती, त्यामुळे तिला खिडकी नव्हती. संगणकाची देखभाल भाई करत. ते बोदवडच्या बाइंडिंग करणाऱ्या घराण्यातले. पूर्वी आमच्याकडेच पाने चिकटवण्याचे काम करत, ते काम संपल्यावर पुस्तके आणून लिनक्स शिकले. त्यांना सगळे भाई म्हणत आणि ते सगळ्यांना भाऊ म्हणत, संपादकांनासुद्धा.

लिनक्समध्ये सिस्टमडी नावाचा एक व्यवस्थापक असतो. संगणक चालू झाला की तो सर्वांत आधी जागा होतो आणि बाकीच्या कामांना उठवतो. कोणते काम किती वाजता सुरू करायचे, ते बंद पडले तर पुन्हा किती वेळाने उठवायचे, हे सगळे तो पाहतो. प्रत्येक कामाच्या सूचना एका फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. भाईंनी त्याची नवी आवृत्ती बसवली तेव्हा तिच्यात नवे काय आहे आणि सूचना कशा लिहायच्या, याचे सहा कागद छापून माझ्या टेबलावर ठेवले.

“भाऊ, हे मराठीत एका पानात करून द्या. मी नसताना कोणालातरी समजलं पाहिजे.”

मी ते कागद लाल पेनाने संपादित केले. मजकूर पाल्हाळिक होता. बंद पडलेले काम आता ठरावीक अंतराने नव्हे, तर दर खेपेला थोडे जास्त थांबून उठवता येईल, असे एका ठिकाणी होते. ते ठेवले. मूळ फाइलला हात न लावता तिच्या शेजारी एक छोटी चिठ्ठी ठेवता येते आणि ती आता एकाच आदेशात लिहून ठेवता येईल, असे दुसऱ्या ठिकाणी होते. तेही ठेवले, कारण ते मला लगेच समजले. आमच्या धंद्यातही मूळ बातमीवर खाडाखोड करत नाहीत. दुरुस्तीची चिठ्ठी टाचतात आणि नंतर आलेली चिठ्ठी आधीच्या मजकुराला रद्द करते. यात कोणाला शंका येत नाही. कागदावर याच्याखाली आणखी एक वाक्य होते. तेच ते पुन्हा सांगितले आहे असे वाटून मी ते कापले. सहा पानांचे एक पान झाले. भाईंनी ते भिंतीवर चिकटवले.

त्यानंतर भाई पुतण्याच्या निकाहासाठी चार दिवस बोदवडला गेले.

यादीची वेळ बदलावी, हे माझे जुने म्हणणे होते. आठ वाजता पाठवायची म्हणजे पहाटेपासून आलेल्या फोनवर विसंबावे लागे, आणि घरची मंडळी तर वेळ नऊ-साडेनऊला ठरवतात. कोण कुठून निघाले आहे ते कळल्याशिवाय वेळ ठरत नाही. अकराची यादी बरोबर असेल, असे मी संपादकांना सांगितले. ते म्हणाले, करा. भाईंना फोन केला तर मागे बँड वाजत होता. ते म्हणाले, चिठ्ठी लिहा, पानावर सगळे दिले आहे.

दुपारी मी चिठ्ठी लिहिली. तिच्यात एकच ओळ कामाची होती: रोज, अकरा वाजता. मी ती तीनदा तपासली. शब्द, आकडे, विरामचिन्हे, सगळे निर्दोष होते.

दुसऱ्या दिवशी सवयीने सातलाच कार्यालयात आलो. सव्वासातला पिंप्राळ्याहून एका शेजाऱ्याचा फोन आला. त्यांच्या गल्लीतल्या एक वृद्ध बाई पहाटे वारल्या होत्या, अंत्ययात्रा दहाला असेल. मी नोंद टंकली आणि पुढे फुली मारली. फुली म्हणजे घरच्यांना विचारलेले नाही. अशा सात नोंदी झाल्या. अकरापर्यंत वेळ होता, म्हणून मी चहाला गेलो.

परत आलो तेव्हा टेबलावरचा फोन वाजत होता. आठ वाजून वीस मिनिटे झाली होती.

“दहा कुठून आणलं तुम्ही?” पलीकडचा माणूस म्हणाला. तो वारलेल्या बाईंचा मुलगा होता. “आम्ही दुपारी तीन ठरवलंय. धुळ्याहून मामा यायचा आहे.”

“यादी अकराला जाणार आहे,” मी म्हणालो.

“गेली की! माझ्या हातात आहे. मामाच्याही हातात आहे. पुढे फुली कसली मारलीय?”

मुलाने मामांना सकाळी सहालाच फोन केला होता. तुम्ही येईपर्यंत थांबतो, असे सांगितले होते. आमच्याकडे बाई वारली की तिच्या माहेरची साडी येते आणि ती अंगावर घातल्याशिवाय तिला उचलत नाहीत. माहेरात आता हा एक भाऊच उरला होता. धुळ्याहून यायला दोन-अडीच तास लागतात. आठ वाजता त्याने मोबाइलवर वाचले की बहिणीला दहाला नेणार आहेत. घरच्यांनी आपल्याला एक सांगितले आणि पेपरला दुसरे, असा अर्थ त्याने काढला. दुसरा काही अर्थ निघत नव्हता.

“फोन वाजतो, पण उचलत नाही,” मुलगा म्हणाला. “एकदा उचलला, म्हणाला, उरका तुमचं तुम्ही. साहेब, तो नाही आला तर आईला काय तसंच न्यायचं? आयुष्यभर ऐकावं लागेल.”

मी बोदवडला फोन लावला.

“आठची गेली? मग अकराचीपण जाईल,” भाई म्हणाले. “जुनी वेळ पुसली होती का?”

“नवी लिहिली होती.”

“म्हणजे पुसली नाही.”

“नंतरची चिठ्ठी आधीचं रद्द करते ना?”

“बाकी बहुतेक ठिकाणी करते. वेळेचं तसं नाही. एका कामाला आठ, अकरा, पाच अशा कितीही वेळा देता येतात, म्हणून सिस्टमडी नव्या वेळेला आणखी एक वेळ समजतो. आधी वेळेची रिकामी ओळ लिहून जुन्या वेळा विसरायला सांगायचं, मग खाली नवी लिहायची. कागदावर होतं, भाऊ.”

कागद खणात होते. काढून पाहिले. होते. लाल पेनाने कापलेले वाक्य तेच होते.

तोवर संपादक आले होते. त्यांनी यंत्र ताबडतोब बंद करायला सांगितले. एका दिवसात दोन याद्या म्हणजे कार्यालयाचे हसे, असे त्यांचे म्हणणे होते. मी भाईंना ते सांगितले.

“बंद केलं तर शेवटचं काय वाचलेलं राहील? दहा,” भाई म्हणाले. “हात लावू नका. अकराला काय जाईल तेवढं बरोबर करून ठेवा.”

मी संपादकांना हे शब्द जसेच्या तसे सांगितले. ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतले. आमच्याकडे याला होकार समजतात.

यादी सगळी एकदम जाते, एकेक नोंद पाठवता येत नाही. म्हणून सातही घरी फोन करावे लागले. आणखी दोन घरांच्या वेळा चुकीच्या निघाल्या, पण तिथे कोणाच्या येण्यावर काही अडलेले नव्हते. मधल्या वेळात आमच्या धुळ्याच्या वार्ताहराला मामांच्या घरी पाठवले. तो एरवी बाजारभाव पाठवत असे. पुढचे त्याने फोनवरून सांगितले तसे देतो.

मामा ओट्यावर बसले होते. साडी आणलेली होती. पिशवी खुंटीला होती.

“आबा, ती चूक पेपरनी शे, त्यासनी नही,” वार्ताहर म्हणाला.

“माले सांगतस दुपारले ये, आनि पेपरले सांगतस दहा. मंग मी कसाले जाऊ?”

“त्यासनी पेपरले सांगंच नही. शेजारीनी सांगं.”

“तू पेपरना माणूस. तू तं असंच सांगशी.”

“मी खोटं कसाले बोलू, आबा?”

“तुमना भाव तरी कव्हय खरा ऱ्हास?”

वार्ताहराने मोबाइल काढला. त्याने वारलेल्या बाईंच्या मुलाला फोन लावून तो मामांच्या कानाला लावला. मामांनी ऐकले आणि फोन परत दिला. आता सगळेच तीन म्हणतील, असे ते म्हणाले. बठ्ठासनी वाची लिधं, सगळ्यांनी वाचलं, असेही म्हणाले. दहा वाजले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि उपरणे डोळ्यांना लावले. त्यांच्या हिशेबाने बहीण तेव्हा घरातून निघाली होती.

पावणेअकराला माझी सातवी नोंद पक्की झाली. फुल्या काढल्या. वर एक ओळ घातली: आठच्या यादीतील वेळा रद्द समजाव्यात, चूक कार्यालयाची आहे. या वेळी रद्द हा शब्द लिहायला विसरलो नाही. मग त्या बिनखिडकीच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. तिथे करण्यासारखे काही नव्हते. अकराला यादी गेली.

धुळ्यात मामांच्या खिशात मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून यादी पहिल्या नोंदीपासून वाचली, बहिणीची नोंद पाचवी होती. तिथे येऊन थांबले, पुन्हा वाचली.

“आते तीन लिखेल शे,” ते वार्ताहराला म्हणाले, जणू त्याला हे माहीत नव्हते. मग खुंटीवरची पिशवी काढली.

वार्ताहराने त्यांना जळगावच्या गाडीत बसवून मला फोन केला. त्यानंतर मी भाईंनी सांगितल्याप्रमाणे चिठ्ठीत अकराच्या वर वेळेची एक रिकामी ओळ घातली. यंत्राला पुढची वेळ विचारली. त्याने उद्या अकरा सांगितले, आठचा उल्लेख केला नाही.

अडीच वाजता मी पिंप्राळ्याला गेलो. निधनवार्तेच्या घरी जाण्याची पद्धत आमच्यात नाही. मामा तासाभरापूर्वी पोहोचले होते. साडी हिरवी होती, बारीक काठाची, आणि ती बाईंच्या अंगावर होती. मामा उशाशी बसले होते. मुलाने मला ओळखले नाही आणि मी ओळख दिली नाही.

माणसे जमली होती, तयारी झाली होती. भटजींनी मुलाला खूण केली. चौघे पुढे झाले.

मामांनी हात वर केला. खिशातून मोबाइल काढला, लांब धरून पाहिला.

“तीन वाजाले पाच मिनिटं शेतस,” ते म्हणाले. “लिखेल तीन शे. थांबा.”

मुलगा एक पाऊल मागे सरला. खांदेकरी जिथे होते तिथेच उभे राहिले. मामांनी मोबाइल खिशात ठेवला आणि हात बहिणीच्या कपाळावर ठेवला. गल्लीत एक रिक्षा आली, गर्दी पाहून मागे वळली.

अंत्ययात्रा राहत्या घरापासून दुपारी तीन वाजता निघाली.