होडी सुकता सुकेना

मीटर खोटं बोलतंय, असंच मला आधी वाटलं. त्याच्या दोन पिना फळीत टोचल्या की लाकडात ओल किती, ते आकड्यात दिसतं. कालच्यापेक्षा आज आकडा जास्त. होडी ओंडक्यांवर उचललेली, वरून ताडपत्री, पाऊस आत येत नव्हता. मग ओल वाढतेय कुठून?

मी होड्या दुरुस्त करतो. राहायला लालबागला, काम किनाऱ्यावर मिळेल तिथे. ही होडी माहीमच्या कोळीवाड्यातल्या प्रमिलाताईंची. मे महिन्यातल्या वादळात दोर तुटला, होडी खडकांवर आपटली आणि एक बाजू फुटली. फुटक्या फळ्या काढून मी सागवानाच्या नव्या बसवल्या होत्या. राहिलं होतं फायबर. म्हणजे लाकडावर काचेच्या धाग्यांची मॅट ठेवायची आणि वरून रेझिन चोपडायचं. सुकलं की होडीला बाहेरून सलग कवच मिळतं. पण खालचं लाकूड ओलं असेल तर रेझिन नीट धरत नाही. दिसायला छान दिसतं, आणि थोड्या दिवसांत पापुद्र्यासारखं सुटतं.

घाई होती ती नारळी पौर्णिमेची. त्या दिवशी होड्या पुन्हा समुद्रात उतरतात. जी होडी तयार नसेल तिचे खलाशी दुसऱ्या मालकाकडे जातात आणि हंगामभर परत येत नाहीत. प्रमिलाताईंचे यजमान वारलेले. घर या एका होडीवर. होडी चालवणारा तांडेल हरेश, माणूस सरळ. त्याने मला तोंडावर सांगितलं, "परबभाऊ, ताईंसाठी मी थांबलोय. पण माझ्या पोरांना पण पोटं हायत."

मी दुसरा मीटर आणला. तोही तेच म्हणाला. आता मात्र माझं डोकं फिरलं. लाकूड विकणाऱ्यावर ओरडून झालं, त्याचा काही संबंध नसताना. शेवटी एके दिवशी पहाटेच जाऊन होडीशेजारी बसलो.

थोड्या वेळाने प्रमिलाताई आल्या. बाजाराला निघालेल्या, पदर खोचलेला, हातात पाण्याची बादली. ताडपत्री वर केली आणि सराईतपणे अख्खी बादली होडीत ओतली. रोज मी येईपर्यंत ते पाणी फळ्यांत जिरून जात असणार.

"ताई, अहो हे काय करताय?"

"काय म्हंजे? होडीला पाणी घालते. वर काढलेली होडी सुकली तर फळ्या उघडतात. हे गेल्यापासून मीच घालते रोज."

"मी तिला सुकवतोय, ताई! एवढे दिवस मी काय झक मारतोय इथे?"

"मग तसं बोलायचं ना! तुमी बोललात, पाऊस लागू देऊ नका. मी लागू दिला नाय."

बाई चुकीचं करत नव्हत्या. नुसत्या लाकडाची होडी असेल तर ती ओलीच ठेवतात. लाकूड फुगलेलं राहतं, फळ्यांमधल्या फटी बंद राहतात. फायबरला नेमकं उलटं लागतं. आणि फायबर या होडीला पहिल्यांदाच लागत होतं.

पावसाळ्यात लाकूड सुकवायचं कसं? याचं उत्तर आमच्या लालबाग-परळमध्ये दर वर्षी मिळतं. गणपतीच्या कारखान्यांत भर पावसात मूर्ती सुकवतातच की. माझा मित्र विलास मूर्तिकार आहे. त्याच्याकडे गेलो.

"दोन हॅलोजन दे आणि मोठा पंखा."

"येडा झालास काय? माझे बाप्पा ओले राहिले तर मंडळवाले मला धुतील."

शिव्या घालत घालत त्याने दिलं सगळं. होडीभोवती प्लास्टिकची शेड बांधली. वायर प्रमिलाताईंच्या घरातून ओढली. आकडा उतरायला लागला, पण पौर्णिमा आली तेव्हा तळाची जुनी फळी अजून ओली होती.

हरेश सकाळीच खलाशांना घेऊन आला. "आज ती पाण्याला लागायला पायजे. दुसऱ्या मालकाचा दोनदा फोन आला."

मी त्याला होडीखाली नेलं. आदल्या दिवशी त्या फळीवर प्लास्टिकचा तुकडा टेपने चारी बाजूंनी बंद करून चिकटवला होता. आतून त्याला थेंब आले होते.

"हे पावसाचं?" त्याने विचारलं.

"लाकडातलं. आता फायबर मारलं तर हे आतच कोंडणार. लाटा बसल्या की कवच सुटणार. तुम्ही तेव्हा किनाऱ्यापासून किती लांब असाल, ते तुम्हीच सांगा."

हरेशने प्लास्टिकवरून बोट फिरवलं. मागे उभ्या प्रमिलाताई बोलल्या. "माझा माणूस गेला. आता तुमच्यातल्या कुणाच्या घरी जाऊन मला ते सांगायचं नाय. होडी आज जाणार नाय. ज्याला जायचं त्याने जावं."

दोन खलाशी गेले. खरंच गेले. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. हरेश राहिला. बाकीच्या होड्या गुलाल उधळत, बेंजोच्या तालावर समुद्रात उतरल्या, आणि प्रमिलाताईंनी आपल्या होडीला ओंडक्यांवरच हळदकुंकू लावलं. तिकडे बघून मला वाईट वाटलं, पण रेझिनचा डबा उघडला नाही.

पुढच्या आठवड्यात फळी सुकली. एका दिवसात फायबर मारलं, ते पक्कं होईपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग होडी गेली, दोन माणसं कमी घेऊन. समुद्र खवळलेलाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली. मी आत उतरून तळावरून हात फिरवला. थेंब नव्हता.

"कोरडी आहे," मी म्हणालो.

प्रमिलाताई खाली वाळूतच बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. हरेश मासळीच्या टोपल्या उतरवत राहिला.

आता नवं काम घेताना मी फुटलेली बाजू नंतर बघतो. आधी मालकाला विचारतो, तुम्ही रोज या होडीचं काय काय करता? बरेच जण म्हणतात, काही नाही. मग मी पहाटे जाऊन बघतो.